विश्लेषण : किटमधली ‘एल’ आणि मोहाचा सडवा… घरी बिअर तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा का ठरतो?

एक डबा घट्ट पाक, एक पुडी यीस्ट, एक मोठी बादली आणि काही आठवडे धीर. घरच्या घरी बिअर तयार करण्याच्या किटची जाहिरात साधारण एवढेच सांगते. समाजमाध्यमांवरच्या व्हिडीओंमुळे हा परदेशी छंद आता गोंदिया शहराजवळच्या मुर्रीतील तरुणाच्या मोबाइलवरही सहज पोहोचतो. पण याच जिल्ह्यात बादलीत किंवा ड्रममध्ये भिजवलेली मोहफुले सापडली, की त्याला ‘सडवा’ म्हणतात आणि तो नष्ट करून गुन्हा नोंदवला जातो. किटमधली बिअर आणि हा सडवा यांत फरक किती? बाटली का फुटते? आणि कायदा या छंदाकडे कसा पाहतो?

किटमध्ये नेमके काय असते?

बिअरचा मूळ कच्चा माल म्हणजे सातू, अर्थात बार्ली. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसेच सातूला मोड आणून, वाळवून आणि भाजून माल्ट तयार होते. मोड आल्यावर धान्यात अशी विकरे तयार होतात, की जी पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले, की गोड पाणी मिळते. त्याला ‘वर्ट’ म्हणतात. हे वर्ट हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसोबत उकळले जाते. हॉप्समुळे बिअरला कडवटपणा आणि सुगंध येतो, शिवाय काही जिवाणूंची वाढही रोखली जाते.

किटमध्ये हे सगळे काम कारखान्यात आधीच उरकलेले असते. वर्टमधले पाणी आटवून काकवीसारखा घट्ट अर्क डब्यात भरलेला असतो. परदेशात सर्रास मिळणाऱ्या किटमध्ये असा साधारण १.७ किलो अर्क आणि काही ग्रॅम सुके यीस्ट असते. त्यात सुमारे एक किलो साखर घालून पाण्याने २३ लिटर द्रव करायचे, ही त्यावरची नेहमीची सूचना. सोबत झाकणाची बादली, वायू बाहेर सोडणारा पण हवा आत न घेणारा ‘एअरलॉक’, हायड्रोमीटर आणि बाटल्यांना दातेरी पत्र्याची झाकणे बसवण्याचे यंत्र असे साहित्य लागते.

बादलीत काय घडते?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पाव फुगवते तीच जात, ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’. ती साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते : अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशेब सरळ आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे साखरेचे वजन जवळपास निम्मे-निम्मे वाटले जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आंबणे हे सूक्ष्मजीवांचे काम आहे आणि बिअर बिघडते तीही नको त्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यांनी दाखवले.

वायूचा हा निम्मा वाटा किरकोळ नसतो. सव्वाचार टक्के अल्कोहोलची २३ लिटर बिअर तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आकारमानात तो चारशे लिटरच्या आसपास भरतो. बादली घट्ट बंद केली तर झाकण उडते, ते यामुळेच. ती कोंदट, बिनखिडकीच्या खोलीत ठेवू नये, असे सांगतात तेही यामुळेच.

‘एल’ म्हणजे वेगळे काय?

बिअरचे ढोबळ दोन गट आहेत. लागर थंडीत, साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला आंबवतात आणि नंतर काही आठवडे थंड ठेवतात. भारतात दुकानात मिळणारी बहुतेक बिअर लागरच असते. एलचे यीस्ट उबदार वातावरणात, साधारण १८ ते २२ अंशांना काम करते आणि लवकर आटोपते. घरी शीतगृहाची सोय नसते. त्यामुळे नवशिक्यांसाठीची किट बहुधा एलची असतात.

मुर्रीच्या हवेत हे जमेल का?

तंत्राच्या दृष्टीने पहिली अडचण इथेच येते. गोंदियात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जातो. उलट हिवाळ्यात विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदवले जाते. शिवाय आंबताना उष्णता तयार होते आणि बादलीतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त राहते.

तापमान वाढले की यीस्ट मरगळत नाही, उलट सुसाट सुटते. पण त्या घाईत ते जड अल्कोहोल आणि उग्र वासाची संयुगे जास्त तयार करते. अशी बिअर तिखट, रंगाच्या थिनरसारख्या वासाची लागते. फार गारठा पडला तर यीस्ट अर्ध्यात झोपी जाते आणि आंबणे थांबते. नॉर्वेतील शेतकऱ्यांकडचे ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही चांगले काम करते. अलीकडे उष्ण प्रदेशांत त्याचा बोलबाला आहे तो यामुळेच.

आंबणे संपले, हे कसे कळते?

बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले, हा सर्वांत धोकादायक गैरसमज. झाकण नीट बसले नसेल तर बुडबुडे दिसतच नाहीत. दुसरीकडे, आंबणे संपल्यावरही उष्णतेने विरघळलेला वायू बाहेर येत राहू शकतो. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे हायड्रोमीटर. दूध तपासण्याच्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊबंद.

पाण्याची सापेक्ष घनता १.००० मानली, तर साखर असलेले वर्ट सुरुवातीला साधारण १.०४२ दाखवते. साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो आणि १.०१० च्या आसपास थांबतो. दोन्ही आकड्यांच्या फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे अंदाजे प्रमाण मिळते. इथे ते ४.२ टक्के येते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले माप तेच राहिले आणि ते अपेक्षित आकड्याजवळ असेल, तरच आंबणे संपले असे मानतात. किटवर छापलेले दिवस हा केवळ अंदाज असतो.

मग बाटलीत पुन्हा साखर का घालतात?

आंबून झालेली बिअर बेचव, वायू उडून गेलेली असते. फेस आणि चुरचुरीत चव बाटलीत तयार होते. बाटलीबंद करताना दर लिटरला साधारण सहा ग्रॅम, म्हणजे २३ लिटरला १४० ग्रॅमच्या आसपास साखर मोजून मिसळतात. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ही साखर खाते. पण आता झाकण घट्ट असल्याने वायूला वाट नसते आणि तो द्रवातच विरघळतो. साधारण दोन आठवडे उबदार जागी ठेवल्यावर प्रत्येक लिटर बिअरमध्ये जवळपास २.४ लिटर वायू मुरलेला असतो. बाटलीच्या तळाशी दिसणारा पांढुरका थर म्हणजे बसलेले यीस्ट.

६५० मिलिलिटरच्या भारतीय बाटल्या वापरल्या तर २३ लिटरला ३५ बाटल्या लागतात. गाळ सोडून दिल्यावर प्रत्यक्षात त्याहून दोन-तीन कमीच भरतात.

बाटली का फुटते?

घरी बिअर करण्यातला खरा शारीरिक धोका हाच आहे. समजा, गारठ्यामुळे आंबणे १.०२० वर अडकले आणि ते संपले असे समजून बाटल्या भरल्या. पुढे उन्हाळ्यात यीस्ट जागे झाले, तर ही उरलेली साखरही ते बाटलीतच खाणार. घनतेचा ०.००१ इतका एक अंश म्हणजे बाटलीत साधारण अर्धा पट जादा वायू. दहा अंश म्हणजे पाच पट. मुद्दाम घातलेल्या साखरेचा वायू धरून एकूण प्रमाण सातपटीच्या पुढे जाते. अशा वेळी २० अंशांनाही बाटलीतला दाब वातावरणाच्या आठपट होऊ शकतो. शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. बिअरची पातळ, अनेकदा वापरलेली बाटली यापुढे टिकणार नाही.

सगळे प्रमाण बरोबर असले तरी उष्णता हा वेगळा प्रश्न आहे. २० अंशांवरून ४० अंशांवर नेली, की तीच बाटली सुमारे दुप्पट दाब सोसते. गरम द्रवात वायू कमी विरघळतो आणि वर येऊन काचेवर रेटा देतो. पत्र्याच्या छपराखालची खोली आणि मे महिना हे एकत्र आले, तर बाटलीचा स्फोट ही कल्पना राहत नाही. काचेचे तुकडे थेट डोळ्यांपर्यंत जातात. बाटली तडकलेली नसावी, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी, बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात, हे नियम त्यातूनच आले आहेत.

सडवा आणि बिअर यांत फरक काय?

पहिल्या टप्प्यात जवळपास काहीच नाही. पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली फुले वेचली जातात. वाळवलेल्या मोहफुलांत साखर भरपूर असते. ती पाण्यात भिजवली, की फुलांवरचे आणि भांड्यातले यीस्ट काही दिवसांत अल्कोहोल तयार करते. हाच सडवा. किटमध्ये साखर सातूची आणि यीस्ट पुडीतले, इथे साखर फुलाची आणि यीस्ट निसर्गातले, एवढाच भेद. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड भागातील ‘हंडिया’ हे भातापासून केलेले पेयही याच कुळातले. तिथे मोड आलेल्या सातूचे काम औषधी मुळ्या आणि तांदळाच्या पिठाच्या गोळीतील बुरशी करते.

खरा फरक दुसऱ्या टप्प्यात पडतो. बिअर गाळून तशीच पितात. सडवा मात्र भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड केली जाते, कारण अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना. यालाच दारू गाळणे म्हणतात. यात अल्कोहोलचे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि आगीचा धोकाही येतो.

घरच्या बिअरने विषबाधा होते का?

‘विषारी दारू’ या शब्दांमागे बहुतेक वेळा मिथेनॉल असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि जीवही जातो. सातूच्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते, कारण ते मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून तयार होते. मोठ्या दुर्घटनांमागे आंबण्यातून आलेले नव्हे, तर कारखान्यासाठीचे मिथेनॉल दारू म्हणून विकले किंवा तिच्यात मिसळले जाणे हे कारण असते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड-मालवणीत शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या दारूतही मिथेनॉलच होते. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधूक दिसू लागले, पोटात दुखू लागले किंवा धाप लागली, तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

घरची बिअर बिघडली तर ती बहुधा आंबट किंवा कुबट होते. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे रोगजंतू तिच्यात सहसा टिकत नाहीत. याचा अर्थ ती निर्धोक आहे असा नाही. लेबल नसलेल्या बाटलीत चार टक्के अल्कोहोल आहे की सात, हे पिणाऱ्याला कळत नाही.

कायदा काय सांगतो?

दारूचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हा राज्यघटनेनुसार राज्य सूचीतील विषय आहे. शिवाय अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याला पूर्वी मुंबई दारूबंदी कायदा म्हणत. त्याची रचना ‘आधी सर्व काही बंद, नंतर परवान्याने मोकळीक’ अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बालसारा खटल्यात काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला.

कायद्यातील ‘मद्य’ या व्याख्येत स्पिरिट, वाइन, ताडी यांबरोबर बिअरही आहे. कलम १२ नुसार मद्य तयार करणे आणि मद्यनिर्मितीची जागा चालवणे यांना मनाई आहे. कलम ६५ मध्ये शिक्षा आहे, तुरुंगवास आणि दंड. विनापरवाना मद्य बाटलीत भरणे हादेखील त्यात स्वतंत्रपणे नोंदवलेला गुन्हा आहे. मद्य तयार करण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणेही त्यातच येते.

इथे हेतू महत्त्वाचा ठरतो. माल्टचा अर्क बेकरीत लागतो, यीस्ट पावात लागते, हायड्रोमीटर प्रयोगशाळेत असतो. या वस्तू विकत घेणे हा आपोआप गुन्हा नाही. पण त्या एकत्र करून बादलीत एल आंबवली, की ‘विकायची नव्हती, घरच्यांपुरतीच होती’ हा बचाव उरत नाही. स्वतःच्या वापरासाठी बिअर तयार करण्याची सूट या कायद्यात नाही. मद्य पिण्याचा परवाना वेगळा. तो एक दिवसाचा असो वा आजीवन, त्याने मद्य तयार करण्याची मुभा मिळत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदीच आहे.

इतरत्र काय स्थिती आहे?

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट काढली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही मुभा दिली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि एकाहून अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. ही बिअर विकता मात्र येत नाही. दारू गाळणे या दोन्ही सवलतींत बसत नाही. तिथे स्थायिक झालेली मराठी मंडळी हा छंद उघडपणे करू शकतात, ते यामुळे. पण सुट्टीत येताना सामानात आणलेले किट इथे वापरले, तर लागू होतो तो इथला कायदा.

फार दूर जाण्याचीही गरज नाही. गोंदियाला खेटून असलेल्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची दारू तयार करण्याची सूट आहे. मध्य प्रदेशने तर मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून बाजारात आणण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध हटवले. त्यामुळे लाडू, सरबत, जॅम यांसाठी फुलांचा मार्ग मोकळा झाला. सडव्यावरची बंदी मात्र कायम राहिली.

महाराष्ट्रात कायदेशीर वाट आहे का?

आहे, पण ती स्वयंपाकघरातून जात नाही. बिअर आणि वाइन निर्मितीसाठी राज्यात १९६६ चे नियम आहेत आणि परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. त्यानंतर पुणे-मुंबईत अशा अनेक जागा उभ्या राहिल्या. तिथे एल ताजी मिळते, तिच्यावर शुल्क भरलेले असते आणि जबाबदारी घेणारा परवानाधारक असतो. बिअर पिण्यासाठी राज्यात किमान वयाची अट २१ वर्षे आहे.

भांडवल असलेल्यासाठी ही वाट आहे. २० लिटरची हौस असलेल्या पदवीधरासाठी ती नाही आणि मोहाखाली फुले वेचणाऱ्या कुटुंबासाठीही नाही. छंद म्हणून घरी बिअर करू द्यावी, असे म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न टाळता येणार नाही : मग त्याच प्रमाणात, न गाळलेल्या मोहाच्या पेयाला का नको? आणि सडव्यावरची कारवाई योग्य म्हणणाऱ्यांना हे मान्य करावे लागेल, की चकचकीत डब्यातून आली म्हणून एलला वेगळा न्याय मिळत नाही. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही बादल्या शेजारीशेजारी आहेत. फरक दिसतो तो पुस्तकाबाहेर : धाड जंगलालगतच्या ड्रमवर पडते आणि किटची जाहिरात मोबाइलवर झळकते.

मग हौस कशी भागवावी?

आंबण्याचे शास्त्र शिकायला मद्यच लागते असे नाही. ज्वारीची आंबील, इडलीचे पीठ, घरचा पाव यांतही तापमान, वेळ आणि स्वच्छता यांचे तेच नियम लागू होतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना गोडी का वाढते, हे पाहिले की माल्ट समजते. पावाच्या कणकेचे दोन सारखे गोळे करून एक ओट्यावर आणि एक फ्रिजमध्ये ठेवला, की लागर आणि एलच्या यीस्टमधला वेगाचा फरकही लक्षात येतो.

किट मागवण्याचा विचार असेल, तर ‘ऑर्डर’चे बटण दाबण्याआधी एवढे लक्षात असू द्यावे : ते घरपोच आले म्हणजे ते वापरणे कायदेशीर आहे, असे नाही. परवान्याविषयी शंका असेल तर जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.